खोकला कुणाच्या बाजूचा?

मास्तरांनी हॉलच्या मधोमध पडदा लावायचं ठरवलं तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मास्तर स्वतः हे आजतागायत भेटेल त्याला सांगत असतात, आणि ऐकणारा मान हलवून काढता पाय घेत असतो.

प्रकार असा होता. संध्याकाळी हॉलच्या डाव्या अंगाला मास्तरांची विज्ञानाची शिकवणी बसायची आणि उजव्या अंगाला त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा शिवणक्लास. इकडे मास्तर खडू उगारून "पदार्थात होणारे बदल दोन प्रकारचे असतात" म्हणाले रे म्हणाले, की तिकडे सगळी मशिनं एकदम घर्रर्र करून उठायची. पोरांना पहिला प्रकार ऐकू यायचा आणि दुसरा मशिनखाली जायचा. समोरच्या भिंतीला, खिडकीखाली, आईची खाट. आई गुडघ्यांनी अधू, दिवसभर तिथेच. त्यामुळे बाही कशी बेतायची आणि लोखंड का गंजतं, दोन्ही तिला तोंडपाठ झालं होतं.

आता मास्तर काय शिकवायचे ते थोडक्यात सांगायला हवं. भौतिक बदलात नवीन पदार्थ तयार होत नाही. बर्फाचं पाणी झालं तरी ते पाणीच. रासायनिक बदलात मात्र नवाच पदार्थ तयार होतो. लाकूड जळून राख झाली, की मग त्या राखेपुढे कितीही नाक घासा. एवढं साधं असतं. पण काही पोरांच्या डोक्यात तेवढंही शिरत नसे. त्यांच्यासाठी मास्तरांनी एक सोपी युक्ती काढली होती: परत फिरवता आलं तर भौतिक, नाही आलं तर रासायनिक. ही युक्ती अर्धवट आहे, कागद फाडला तरी तो कागदच राहतो आणि परत काही जोडला जात नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. परीक्षेपुरतं चालतं म्हणून ते चालवून घेत. गंमत अशी की जी युक्ती ढ पोरांसाठी होती, तीच मास्तर घरात स्वतःसाठी वापरू लागले.

"हा निव्वळ भौतिक बदल आहे," पडद्याची दोरी बांधता बांधता ते म्हणाले. "नको वाटला की काढला."

पडदा धाकटीनेच शिवून दिला होता. तेव्हा घरात इतकं गोडीगुलाबीचं वातावरण होतं की कुणाची तरी दृष्ट लागेल असं मास्तरांच्या बायकोला वाटलं. लागलीच. पडद्यातून आवाज काही थांबेना, उलट आता कोण बोलतंय ते दिसत नसल्यामुळे प्रत्येक वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असं दोन्ही बाजूंना वाटू लागलं. धाकटी क्लासमधल्या एका बाईला "जरा डोकं वापरा" म्हणाली, तर इकडे मास्तरांच्या बायकोने जेवण सोडलं.

समोर एक निवृत्त ओव्हरसियर राहायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना बांधायला काही मिळालं नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्यांच्या घराकडे भुकेल्या नजरेने बघत असत. ते चहाला म्हणून आले आणि पडद्याला बोट लावून हसले.

"मास्तर, कपड्याने कधी आवाज अडतो का? प्लायवूड मारा."

प्लायवूड मारलं. ते ढोलासारखं घुमू लागलं. शिवणक्लासचा आवाज पूर्वी फक्त यायचा, आता तो वाजायचा. ओव्हरसियर पुन्हा आले, बोटाच्या पेराने प्लायवूडवर टकटक केली आणि नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखे गंभीर झाले.

"वीट," ते म्हणाले. "विटेला पर्याय नाही."

"म्हणजे भिंत?" धाकट्याने विचारलं. धाकटा बँकेत होता. त्याला कुठल्याही गोष्टीची पहिल्यांदा भीती वाटायची, आणि मग ती आपलीच कल्पना होती असं वाटायचं.

"अरे, भिंत म्हणजे तरी काय?" मास्तर म्हणाले. "विटा त्याच, आपण तेच, घर तेच. फक्त रचना बदलली. उद्या पाडली की पुन्हा हॉल."

"दादा, तू म्हणतोस तर ठीक आहे," धाकटा म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे प्रत्येक भांडणात पुराव्यासारखं वापरलं.

सिमेंटच्या गोण्या आल्या. त्यातली एक दाराबाहेरच्या नळाशेजारी टेकवून ठेवली गेली. नळ कुणीतरी गळता सोडला. सकाळी बघतात तर गोणीचा अख्खा धोंडा झालेला. गोणीचा आकार, गोणीच्या सुरकुत्या, पण आत दगड. सिमेंटला पाणी लागलं की ते वाळत नाही, त्याची पाण्याशी क्रिया होऊन ते घट्ट होतं आणि पुन्हा पीठ होत नाही, हे मास्तर दरवर्षी नववीच्या पोरांना सांगत आले होते. पण शिकवणं वेगळं आणि गोणी आत घेणं वेगळं.

"हे तूच शिकवतोस ना रे दादा?" धाकटा म्हणाला. नळ कुणी उघडा टाकला हा मुद्दा त्याने अलगद बाजूला सारला. तो धोंडा उचलायला कुणी तयार होईना, म्हणून तो दारातच राहिला, आणि येणारा जाणारा त्याला ठेचकाळून आधी विव्हळायचा आणि मग विचारायचा, "हे काय, मास्तर?"

खरी अडचण पुढेच होती. भिंत दारापासून निघून सरळ खिडकीकडे जाणार होती आणि खिडकीखाली आईची खाट आडवी होती. गवंड्याने दोरी ताणली तर ती थेट आईच्या पोटावरून गेली.

"खाट सरकवावी लागेल," गवंडी म्हणाला. "कुठल्या बाजूला घेऊ?"

प्रश्न विटांचा नव्हताच, प्रश्न हा होता: म्हातारी कुणाच्या बाजूला जाणार? तो इतके दिवस कुणीच काढला नव्हता. दोघं भाऊ एकमेकांकडे बघून अतिशय प्रेमळ हसले.

"आईला तुझ्याकडेच बरं वाटेल," मास्तर म्हणाले. "तुझ्या बाजूला ऊन येतं."

"छे छे, थोरल्याचा मान आहे," धाकटा म्हणाला. "तो हिरावून घेणारा मी कोण?"

"सूनबाई शिवणकाम करते, घरातच असते. लक्ष राहील."

"वहिनींच्या हातचं आईला सोसतं."

एरवी या घरात पंख्याच्या रेग्युलेटरवरून हमरीतुमरी व्हायची. आज दोघांच्या तोंडून नुसतं कौतुक गळत होतं. आई दोरीखाली पडल्या पडल्या ते ऐकत होती. शेवटी तिने दोरी बोटाने जरा वर उचलली आणि म्हणाली, "खाट हलणार नाही. भिंतीचं काय ते तुम्ही बघा."

ओव्हरसियर धावून आले. असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात वरचेवर येत नाहीत. त्यांनी तोडगा काढला, की भिंत खाटेपर्यंत न्यायची, खाटेवर कमानीसारखी पोकळी ठेवायची आणि वरून भिंत पुढे खिडकीपर्यंत न्यायची. म्हणजे खाट जागची हलायला नको, कुणाला घ्यायला नको, कुणाला नाकारायला नको. दोन्ही सुनांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. तेवढा एक श्वास त्या दोघींनी त्या वर्षात मिळून टाकला असेल.

तर अशी भिंत झाली. आईचं डोकं थोरल्याच्या घरात आणि पाय धाकट्याच्या घरात. उठून बसायचं तर तिला आधी एका बाजूला सरकावं लागे, नाहीतर कपाळ कमानीवर आपटायचं. "लेणं आहे लेणं," ओव्हरसियर लोकांना दाखवत सांगायचे.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग धाकटी एकदा चुकून म्हणाली, "चष्मा तुटलाय सासूबाईंचा. पण तो तुमच्याकडचा ना, जाऊबाई?"

झालं. चष्मा डोक्याचा, डोकं थोरल्याकडे. हा न्याय इतका सोपा आणि चोख निघाला की दोन्ही घरांनी तो आनंदाने उचलला. डोळे, कान, दात, तोंडाने घ्यायच्या गोळ्या थोरल्याकडे. गुडघे, टाचांच्या भेगा, मोजे आणि मालिशचं तेल धाकट्याकडे. पाठ दुखली तर कुठे दुखते ते आधी बोट ठेवून दाखवायचं. मास्तरांना या व्यवस्थेत काही गैर वाटलं नाही. त्यांनी पोरांना जीवशास्त्रही शिकवलं होतं.

एका सकाळी मास्तरांची बायको गोळ्या घेऊन गेली आणि किंचाळली. गोळ्यांसमोर दोन टाचा होत्या.

"अहो, बघा तरी! सासूबाईंनी उशी फिरवली!"

पलीकडून धाकटी धावली. तिच्या हद्दीत आता डोकं होतं, दात होते, आणि ते डोकं चहा मागत होतं. "सासूबाई, कुणी फिरवली उशी?"

"मीच," आई म्हणाली. "तिकडून उन्हाची तिरीप डोळ्यावर येते."

"पण तेल तर आमच्याकडे ठेवलंय!"

"मग दे की तिकडे. कमानीतून हात पोचतो तुझा."

त्या दिवशी दोन्ही घरांत पहिल्यांदा सविस्तर बैठक झाली, अर्थात आपापल्या बाजूला, आवाज चढवून, म्हणजे दुसऱ्या बाजूला ऐकू जावा. निर्णय असा झाला की उशी मूळ जागी ठेवावी. मास्तरांनी आईला समजावलं, "आई, दिशा बदलणं हा भौतिक बदल आहे. परत फिरवता येतो. फिरव."

आईने उशी फिरवली. मास्तरांना आपल्या शास्त्राचं कौतुक वाटलं.

मग खोकला सुरू झाला. भिंत घासताना उडालेली धूळ घरभर बसली होती आणि आईच्या छातीतही. कोरडा, खोल खोकला. आता ही छाती नेमकी कमानीखाली, भिंतीच्या पोटात. ना इकडे ना तिकडे.

"खोकला तोंडातून येतो," धाकटी भिंतीपलीकडून म्हणाली. "तोंड तुमच्याकडे."

"येतो तोंडातून, पण होतो छातीत," मास्तरांची बायको म्हणाली. "आणि छातीचा मोठा भाग तुमच्याकडे आहे. वीट मोजून बघा."

मास्तरांना निवाडा करायला सांगितलं. त्यांनी खोकल्याचा उगम, मार्ग आणि बाहेर पडणं असे तीन भाग पाडले आणि शिकवणीतल्या पोरांसमोर बोलावं तसं बोलले. शेवटी कुणी न्यायचं डॉक्टरकडे, तेवढं सोडून सगळं स्पष्ट झालं. धाकटा म्हणाला, "दादा, तू म्हणतोस तर ठीक आहे," आणि बँकेत निघून गेला. आई खोकत राहिली.

ओव्हरसियर आले तेही कमानीचे कोपरे तपासायला. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली होती. तिने आईच्या कपाळाला हात लावला, दोन्ही घरांकडे एकेकदा पाहिलं, एक अक्षर न बोलता रिक्षा मागवली आणि आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "यांना मुलं नाहीत का?" ती म्हणाली, "आहेत ना. दोन आहेत. म्हणून तर मी आलेय." हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत फिरलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचलं. मास्तर आत गेले तेव्हा सगळे एकदम खोकले. मास्तरांच्या जिव्हारी लागलं. आपल्याला कुणी समजूनच घेत नाही, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि खरं सांगायचं तर आईच्या तापापेक्षा ते दुःख त्यांना जास्त दिवस पुरलं.

एवढ्यात भिंतीची परवानगी नाही असं कुणीतरी नगरपालिकेला कळवलं. कुणी, ते कळलं नाही, पण कारवाई कशी टाळायची ते सांगायला ओव्हरसियर लगेच हजर झाले. मास्तर आणि धाकटा दोघं कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं.

"कुटुंब एक की दोन?"

"एक," मास्तर म्हणाले.

"मग घरात भिंत कशाला? एका कुटुंबाला विभाजन मंजूर नाही."

"दोन," धाकटा म्हणाला.

"मग स्वयंपाकघर वेगळं हवं, दार वेगळं हवं, घरनंबर वेगळा हवा. झाल्यावर या."

बाहेर पायऱ्यांवर दोघं भाऊ बसले. "कागदावर वेगळं दाखवायचं," मास्तर म्हणाले. "कागदावरचं काय, केव्हाही पुसता येतं. हाही एक प्रकारचा भौतिक..."

"दादा," धाकटा म्हणाला, "आता पुरे कर हां ते."

स्वयंपाकघर वेगळं झालं. कागदावर दाखवायचं म्हणून ओटा बांधला, आणि बांधलाच आहे तर वापरायला काय हरकत आहे, म्हणून वापरला. पहिल्या दिवशी धाकटीने थोडं वाढून कमानीतून इकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी इकडून तिकडे गेलं. मग भांडी परत यायला उशीर होऊ लागला, मग ती येईनाशी झाली. दारंही वेगळी झाली. आता सकाळी दोघं भाऊ कामाला निघताना आपापल्या दारातून बाहेर पडायचे आणि फाटकाशी गाठ पडली तर अनोळखी भाडेकरूंसारखे "काय, निघालात?" म्हणायचे. धाकटा दादाला अहोजाहो करू लागला, तेव्हा मास्तरांना तो आधी आदर वाटला.

मग साहेब पाहणीला आले. ओटा बघितला, दारं बघितली, मान डोलावली. कमानीशी येऊन थबकले. आई झोपली होती, तोंड उघडं, पाय पलीकडे.

"हे काय आहे?"

"आई," दोघं दोन्ही बाजूंनी म्हणाले.

"ते दिसतंय हो. भिंतीला भोक आहे त्याबद्दल विचारतोय. भोक बंद केल्याशिवाय मंजुरी नाही. आणि यांचं नाव कुठल्या घरात लावू? एक माणूस दोन घरांत दाखवता येत नाही."

साहेबांनी पेन उघडून धरलं. एका बाजूला मास्तर आणि त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि त्याची बायको. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. धाकट्याने खिशातला मोबाईल काढून तो वाजतोय का ते पाहिलं. तो वाजत नव्हता. बायका पदराशी चाळा करत राहिल्या. साहेबांनी पेन एकदा झटकलं.

"कुठल्याच नको," आई म्हणाली. ती जागी होती. "रिकामं ठेवा. मी बहिणीकडे जातेय."

दोघांनी "अगं आई, असं काय बोलतेस!" म्हटलं, आणि अगदी एकाच वेळी म्हटलं. साहेबांनी पेन मिटलं. जायचा दिवस कधी, हेही दोघांनी एकाच वेळी विचारलं.

मावशीचा मुलगा गाडी घेऊन यायचा होता त्या सकाळी मास्तर आईच्या उशाशी बसले. त्यांना खरोखर भरून आलं होतं. इतके दिवस ज्याला त्याला दोष देऊन झाल्यावर आता त्यांना एक मोठा, कुणाचाच नसलेला दोष सापडला होता.

"आई, मी चुकलो," ते म्हणाले. "मला वाटलं साधी भिंत आहे, पाडता येईल. पण या भिंतीने माणसंच बदलली बघ. रासायनिक बदल झाला या घरात. आता काही परत फिरत नाही."

आईने चष्मा लावला. एका बाजूची काडी अजून दोऱ्याने बांधलेली होती.

"काय नवीन तयार झालं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"अरे, इतकी वर्षं इथे पडून तुझी शिकवणी ऐकतेय. रासायनिक म्हटलं की नवा पदार्थ तयार व्हायला हवा, असं घसा फोडून सांगतोस ना पोरांना? मग सांग की. या घरात नवीन काय तयार झालं?"

कमानीपलीकडे धाकटा आईची पिशवी भरत होता, त्याचे हात थांबले.

"भिंतीला कशाला बोल लावतोस," आई म्हणाली. "लहानपणी तुम्ही माझ्या दोन बाजूंना झोपायचात आणि मी कूस कुणाकडे वळवते यावरून एकमेकांना बुकलून काढायचात. तेच भांडण आहे हे. तेव्हा आई हवी म्हणून चालायचं, आता नको म्हणून चाललंय." तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत कुणीच हललं नाही. मग ती म्हणाली, "पाणी दे." दोन्ही बाजूंनी दोन पेले पुढे आले. तिने ते दोन्ही तसेच राहू दिले आणि गाडी घेऊन दारात आलेल्या मावशीच्या मुलाला हाक मारली.

गाडी वळणाआड गेली. फाटकाशी दोन्ही सुना डोळे टिपत होत्या आणि ओव्हरसियरांची बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती, त्यामुळे त्यांना बराच वेळ टिपावे लागले. मास्तर घरात आले. खाट उचलली, तर ती एकट्या माणसाने सहज उचलण्याइतकी हलकी निघाली. पलीकडून धाकट्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती बाहेर नेली आणि सिमेंटच्या धोंड्याशेजारी उभी केली.

गवंड्याला मास्तरांनी फोन केला आणि धाकट्यानेही केला होता. तो तासाभरात आला. विटा पुरेशा होत्या, वाळू होती, कुणाला काही आणायला जावं लागलं नाही. कुणी सल्ला दिला नाही, कुणाचा आवाज चढला नाही. या घरात काम इतकं बिनबोभाट कधी झालं नव्हतं. कमान भरत आली तेव्हा वरच्या फटीतून धाकट्याचा चेहरा क्षणभर दिसला. मास्तरांना वाटलं, त्याला काहीतरी म्हणावं. काय म्हणावं ते आठवेपर्यंत वीट बसली.

गवंड्याने थापी पुसली आणि मोठ्याने विचारलं, म्हणजे पलीकडेही ऐकू जावं, "गिलावा कुठल्या बाजूने करू?"

"दोन्ही बाजूंनी," दोघं भाऊ एकदम म्हणाले.